म्हातारपणातले आजार: ‘वय झालं’ म्हणण्याआधी काय तपासायचं

दीर्घायू (धागाकर्ता)

सत्तरी-ऐंशीच्या माणसाचा आजार पुस्तकात लिहिल्यासारखा येत नाही. न्यूमोनिया असतो पण ताप नसतो. हृदयविकाराचा झटका येतो पण छातीत दुखत नाही, नुसती धाप लागते किंवा मळमळतं. पोटात मोठी गडबड असूनही पोट दाबल्यावर मऊ लागतं. घरचे सांगतात ते वेगळंच: कालपासून जेवत नाहीत, दोनदा पडले, रात्रभर बरळत होते, अंथरुणात लघवी झाली. ही तक्रार ऐकून ‘वय झालं, आता असंच चालायचं’ असं म्हटलं जातं आणि तिथेच निदान हुकतं.

म्हणून पहिला प्रश्न आजाराचा नको, कामाचा हवा. दोन आठवड्यांपूर्वी हे काय काय स्वतः करत होते? आंघोळ, कपडे, संडासला जाणं, खुर्चीतून उठणं, औषधं आठवणीने घेणं, फोन लावणं. एकेक विचारायचं आणि आज त्यातलं काय बंद पडलंय ते लिहायचं. वर्षानुवर्षं हळूहळू कमी होत आलेलं वेगळं. काही तासांत किंवा दोन-चार दिवसांत बदललं असेल, तर तो नवा आजार किंवा औषधाचा परिणाम आहे असंच धरून चालायचं. वय एका आठवड्यात वाढत नाही.

मग तपासणी. श्वास पूर्ण एक मिनिट मोजा, पंधरा सेकंद मोजून चाराने गुणू नका. मिनिटाला २५ किंवा जास्त श्वास असतील तर ताप नसला तरी छातीचा संसर्ग मनात ठेवा. तापाचा आकडाही तरुणांचा लावू नका. ज्यांचं शरीर एरवी ९७ अंश फॅरनहाइट असतं त्यांना ९९.५ हा तापच आहे. नेहमीपेक्षा २ अंशांची वाढ किंवा तोंडात १००च्या वर एकदा जरी दिसलं तरी शोध सुरू करावा. बोटाला ऑक्सिजन मीटर, ग्लुकोमीटरवर साखर, नाडी हाताने पूर्ण मिनिट (अनियमित आहे का हे मशीन धड सांगत नाही), झोपून आणि उभं राहून बीपी.

यानंतरच्या चार जागा हमखास राहून जातात. ओटीपोट: लघवी तुंबून मूत्राशय फुगलंय का. गुदद्वाराची बोटाने तपासणी: कडक मळ साचलाय का. त्रिकास्थी (कमरेखालचं, माकडहाडाच्या वरचं हाड) आणि टाचा: शय्याव्रण, म्हणजे पडून राहून होणारी जखम, सुरू झालाय का. आणि तोंड: कवळीखाली जखम, बुरशी, कोरडी जीभ. जेवण बंद होण्याचं कारण कित्येकदा या चौथ्या जागेत सापडतं.

रक्ताच्या पहिल्या यादीत रक्तघटक, सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कळायला), साखर, कॅल्शियम. सोबत ईसीजी आणि छातीचा एक्स-रे. बदल हळू झाला असेल तर टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि बी-१२ जोडा. आणि घरातली सगळी औषधं एका पिशवीत मागवा. चिठ्ठी नको, पिशवीच.

*

दवाखाना_सकाळ

सहमत. एक व्यावहारिक अडचण मांडतो. बरळणारा रुग्ण आला की लघवीची तपासणी जाते, त्यात पू-पेशी आणि जंतू येतात, अँटिबायोटिक सुरू होतं आणि सगळे निश्चिंत होतात. हे किती बरोबर?

*

दीर्घायू

बहुतेक वेळा चूक. वयस्क बायकांच्या लघवीत काही त्रास नसतानाही जंतू सापडणं सर्रास आहे. कायमचा कॅथेटर असेल तर महिन्याभरात जवळपास प्रत्येकाच्या लघवीत सापडतात. त्याला संसर्ग म्हणत नाहीत आणि त्यावर उपचारही करायचे नसतात. अपवाद दोन: मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया किंवा दुर्बीण आत घालून होणारी रक्तस्रावाची शक्यता असलेली प्रक्रिया ठरली असेल तर, आणि गरोदरपण, जे इथे लागू नाही.

लघवीला जळजळ, नव्याने सारखी घाई, ओटीपोटात किंवा कुशीत दुखणं, थंडी वाजून ताप, यातलं काही असेल तर उपचार करा. नुसता गढूळपणा आणि वास ही कारणं नव्हेत. खरा तोटा औषधाचा नाही, शोध थांबण्याचा आहे. रिपोर्टमध्ये जंतू दिसले म्हणून सोडियम बघितलं जात नाही, तुंबलेलं मूत्राशय हाताला लागत नाही, चार दिवसांपूर्वी सुरू झालेली झोपेची गोळी कुणी विचारत नाही. रुग्ण स्थिर असेल तर पाणी पाजून, बाकी कारणं शोधत एक-दोन दिवस बारीक लक्ष ठेवणं योग्य. रक्तदाब पडलाय, श्वास वाढलाय, गुंगी आहे, तर मात्र थांबायचं नाही. रक्त आणि लघवी कल्चरला घेऊन लगेच उपचार आणि रुग्णालय.

*

खलबत्ता

पिशवीबद्दल लिहिते, औषधनिर्माण हेच माझं काम आहे.

पिशवीतून काय निघतं ते पाहा: एकच औषध दोन वेगळ्या नावांनी, मुदत संपलेली पाकिटं, दुसऱ्या कुणाच्या नावची वेदनाशामकं, डोळ्यांचे थेंब, झोपेचं सरबत, सर्दीची गोळी. डोळ्यांचे थेंब औषध म्हणून कुणी सांगतच नाही. काचबिंदूचं टिमोलॉल डोळ्यावाटे रक्तात जाऊन नाडी मंदावतं, दमा वाढवतं. रुग्ण आधीच मेटोप्रोलॉल (बीटा ब्लॉकर गटातली बीपीची गोळी) घेत असतील तर चक्कर येऊन पडायला एवढं पुरतं.

प्रत्येक औषधासमोर तीन गोष्टी लिहा: कशासाठी, कधीपासून, अजून गरज आहे का. मग नव्या तक्रारीची तारीख त्याशेजारी ठेवा. आधी कुठली गोळी सुरू झाली आणि नंतर काय बिघडलं हे डोळ्यांसमोर येतं. नेहमी दिसणाऱ्या साखळ्या अशा:

अ‍ॅम्लोडिपिनने घोटे सुजतात. सूज आली म्हणून लघवीची गोळी मिळते. तिने पोटॅशियम घसरतं, रात्री चार वेळा उठावं लागतं आणि अंधारात पडणं होतं. सूज अ‍ॅम्लोडिपिनची असेल तर लघवीच्या गोळीने ती उतरत नाही, डोस कमी करणं किंवा औषध बदलणं हाच उपाय.

चक्कर येते म्हणून सिनारिझिन किंवा प्रोक्लोरपेराझिन महिनोन्‌महिने चालू राहतं. हात कापू लागतात, चेहरा थिजतो, पाय घासत चालणं सुरू होतं. पार्किन्सन्सचं निदान होऊन लेव्होडोपा चालू होतं. मेटोक्लोप्रामाइड आणि लेव्होसल्पिराइड ही पोटाची औषधंही हेच करतात, आणि ती आम्लपित्ताच्या जोडगोळीत लपलेली असतात. पार्किन्सन्सचं निदान करण्याआधी पाकिटावरचा बारीक मजकूर वाचावा. औषध बंद केल्यावर लक्षणं जायला काही आठवडे, कधी सहा महिनेही लागतात. तेव्हा पंधरा दिवसांत फरक नाही म्हणून निष्कर्ष काढू नये.

स्मृतिभ्रंशासाठीच्या डोनेपेझिलने लघवीची घाई वाढते. त्यासाठी ऑक्सिब्युटिनिन दिलं जातं. एक औषध मेंदूतलं अ‍ॅसिटिलकोलीन वाढवतं, दुसरं ते अडवतं. दोन्ही एकत्र देण्यात अर्थच उरत नाही.

आणि सर्वांत धोक्याचं त्रिकूट: रामिप्रिल किंवा टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी, लघवीची गोळी आणि त्यावर गुडघेदुखीसाठी डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन. उन्हाळा किंवा जुलाब यात भर घालतात आणि मूत्रपिंड दोन-तीन दिवसांत बसतं.

आता क्रिएटिनिन. ‘१.१ म्हणजे नॉर्मल’ हे वाक्य वयस्कांमध्ये फसवं आहे. क्रिएटिनिन स्नायूंमधून तयार होतं, स्नायूच झडले असतील तर ते वाढणार कुठून? कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्राने स्वतः काढा: १४० वजा वय, गुणिले वजन किलोत, भागिले (७२ गुणिले क्रिएटिनिन), बाईसाठी पुन्हा ०.८५ ने गुणा. ८२ वर्षं, ४५ किलो, क्रिएटिनिन १.१ असलेल्या बाईचं उत्तर २८ येतं. रिपोर्टवर लाल खूण नाही, पण मूत्रपिंडाचं शुद्धीकरण मिनिटाला २८ मिली. या आकड्यावर डॅबिगॅट्रान, गॅबापेंटिन, डायगॉक्सिन, कित्येक अँटिबायोटिक्स, सगळ्यांचा हिशेब बदलतो. मेटफॉर्मिनचा निर्णय मात्र प्रयोगशाळेच्या ईजीएफआरवर (मूत्रपिंडाच्या गाळण्याचा अंदाजे वेग) घ्यायचा असतो: ४५च्या खाली आला की डोस पुन्हा ठरवायचा, ३०च्या खाली बंद. डायगॉक्सिन या हृदयाच्या औषधाचं विष चढताना पहिलं लक्षण म्हणजे अन्नावरची वासना उडणं. जेवत नाहीत म्हणून भूक वाढवायचं टॉनिक द्यायच्या आधी हे बघा.

*

दवाखाना_सकाळ

सोडियमबद्दल पण लिहा कुणीतरी. आमच्याकडे ‘अचानक सुस्त झाले’ याचं उत्तर इतक्या वेळा तिथेच सापडतं.

*

खलबत्ता

हायड्रोक्लोरोथायाझाइड, क्लोरथॅलिडोन, इंडापमाइड, तसंच एस्सिटालोप्राम-सरट्रालीन गटातली नैराश्याची औषधं, कार्बामाझेपिन, ऑक्सकार्बाझेपिन. यातलं काहीही नव्याने सुरू केलं की दोन ते चार आठवड्यांत सोडियम तपासायचं. दोन एकत्र असतील तर पहिल्याच आठवड्यात. १३५च्या खाली कमी धरतात. १३० असतानासुद्धा चालताना झोक जातो, लक्ष लागत नाही. १२५च्या खाली उलट्या, गुंगी, झटके.

घरी मीठ चारून हे दुरुस्त करायला जाऊ नये. कारण औषधाचं आहे, हृदयाचं आहे की शरीरात पाणी जास्त साठलंय, यावर उपचार अगदी उलटसुलट होतात. काही रुग्णांना पाणी कमी करावं लागतं, काहींना सलाइन. रुग्णालयातही २४ तासांत ८ ते १० पेक्षा जास्त चढवत नाहीत. भरभर चढवलं तर मेंदूच्या खोडातल्या मज्जातंतूंचं आवरण सुटतं आणि ते नुकसान अनेकदा भरून येत नाही.

*

चालतंबोलतं

भौतिकोपचाराच्या बाजूने पडण्याबद्दल. ‘पाय घसरला’ हे उत्तर ऐकून थांबू नका. पडण्याआधी काय करत होते हे विचारा. उठताना पडले तर बीपी. मान वर करून फळीवरचं काढताना किंवा कुशीवर वळताना गरगरलं तर कानातले खडे. चालता चालता कोसळले आणि पडल्याचंच आठवत नाही, तर हृदयाचा ठोका चुकतोय, ईसीजी आणि पुढचं मॉनिटरिंग लागेल. वळताना पाय जमिनीला चिकटल्यासारखे होत असतील तर पार्किन्सन्स किंवा डोक्यात पाणी साठण्याचा विचार. नंतरच्यात चाल, लघवी आणि स्मरणशक्ती तिन्ही सोबत बिघडतात.

उभं राहिल्यावरचं बीपी बरोबर मोजलेलं फार कमी दिसतं. पद्धत अशी: पाच मिनिटं सपाट झोपवा. बीपी आणि नाडी घ्या. उभं करा, आधार द्या पण खांद्याला धरून उचलून ठेवू नका. पहिल्या मिनिटाला आणि तिसऱ्या मिनिटाला पुन्हा घ्या. कफ बांधलेला हात दोन्ही वेळा हृदयाच्या पातळीवर. लोंबकळत सोडला तर आकडा खोटा जास्त येतो आणि घसरण लपते. वरचं २० ने किंवा खालचं १० ने पडलं तर ते नोंदवा. बसवून मोजलेलं चालत नाही, त्यात निम्म्याहून जास्त सुटतात. सकाळी अंथरुणातून उठतानाची वेळ आणि जेवणानंतरचा तासभर हे सर्वांत वाईट, शक्य तर तेव्हाच मोजा.

नाडीकडेही बघा. बीपी २० ने पडलं आणि नाडी १० नेही वाढली नाही, तर स्वायत्त मज्जासंस्था (बीपी-नाडी आपोआप सांभाळणाऱ्या नसा) दुबळी झालीय: मधुमेह, पार्किन्सन्स वगैरे. नाडी चांगली धावली तर पाणी कमी, रक्त कमी किंवा औषध. बीटा ब्लॉकर चालू असेल तर हा ठोकताळा लागू नाही.

तोल आणि पायातली ताकद यासाठी दोन चाचण्या घरी जमतात. पहिली: खुर्चीतून उठायचं, ३ मीटर नेहमीच्या वेगाने चालायचं, वळून परत येऊन बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे. दुसरी: हात छातीवर घडी घालून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं. ८० ते ८४ वयात बाईला ९ पेक्षा कमी, पुरुषाला १० पेक्षा कमी जमलं तर मांड्यांचे स्नायू कमी पडताहेत.

उपचार म्हणून ‘रोज फिरायला जा’ एवढं पुरत नाही. नुसत्या चालण्याने पडणं कमी होत नाही, तोलाला आव्हान देणारे व्यायाम लागतात. ओट्याला किंवा जड टेबलाला बोटं टेकून एकामागे एक पाऊल ठेवून उभं राहणं, एका पायावर उभं राहणं, बाजूला चालणं, हाताने न रेटता खुर्चीतून उठबस. उठबस दहाचे दोन फेरे, आठवड्यातून तीन दिवस, सोपं वाटलं की खुर्ची थोडी बुटकी करायची. खूप सोपा व्यायाम म्हणजे वाया गेलेला व्यायाम. आणि बसताना धप्पकन पडायचं नाही, तीन आकडे मोजत खाली यायचं, ताकद खरी त्यात वाढते.

पडल्यानंतर दोन गोष्टी विसरू नका. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील आणि डोक्याला मार लागला असेल, तर माणूस ठीक दिसत असला तरी सीटी करावा. गोळ्या नसल्या तरी मेंदूवर हळूहळू रक्त साचून तीन-चार आठवड्यांनी झोपाळूपणा, डोकेदुखी, एका बाजूला झुकून चालणं दिसू शकतं. तोवर पडल्याचं घरचे विसरलेले असतात. दुसरं, खुब्याच्या हाडाचं टोक आत रुतून मोडलेलं असेल तर माणूस लंगडत चालतो, कधी एक्स-रेतही दिसत नाही. जांघेत दुखणं टिकलं तर एमआरआय.

*

तिसरामजला

मग बीपी किती ठेवायचं? एकीकडे सांगतात ८०च्या पुढे १५० चालतं, दुसरीकडे १३०च्या खाली आणायला सांगतात.

*

दीर्घायू

माझं मत: आकडा बसलेल्या बीपीवर नव्हे, उभ्या बीपीवर ठरवा. २००८च्या हायव्हेट अभ्यासात ८० वर्षांवरच्यांना इंडापमाइड देऊन १५०/८० हे उद्दिष्ट ठेवलं होतं, त्यात मृत्यू आणि हृदय निकामी होणं दोन्ही कमी झालं. म्हणजे ‘ऐंशीनंतर बीपीला औषध नको’ हे म्हणणं तेव्हाच मोडीत निघालं. २०१५च्या स्प्रिंट अभ्यासात १२०च्या खाली नेण्याचा फायदा दिसला. पण त्यात मधुमेही नव्हते, आधी पक्षाघात झालेले नव्हते, वृद्धाश्रमातले नव्हते आणि उभं राहून वरचं ११० पेक्षा कमी असलेलेही वगळलेले होते. त्यामुळे स्वतः बाजारहाट करणाऱ्या ८१ वर्षांच्या माणसाला १३० जरूर गाठावं. अंथरुणातून खुर्चीपर्यंत दोघांनी धरून न्यावं लागणाऱ्या ८१ वर्षांच्याला तोच आकडा लावणं मला पटत नाही.

*

दवाखाना_सकाळ

इथे थोडा मतभेद. दुबळेपणाचं नाव सांगून औषध कमी करण्याची घाई होते असं मला दिसतं. उभ्या बीपीत घसरण असलेल्या कित्येकांचं झोपलेलं बीपी १८०-१९० असतं, आणि औषध काढलं की घसरण कमी होत नाही, उलट वाढते. आधी प्रोस्टेटची टॅम्सुलोसिन, झोपेची गोळी, नैराश्याची जुनी ट्रायसायक्लिक, नायट्रेट ही काढता येतात का बघावं. बीपीची मुख्य गोळी शेवटी.

*

दीर्घायू

मान्य, क्रम तोच योग्य. त्यात एवढंच जोडतो की बीपीच्या गोळ्यांमध्येही फरक आहे. अल्फा ब्लॉकर (टॅम्सुलोसिनचा गट) आणि जास्त डोसची लघवीची गोळी घसरण वाढवतात. एआरबी (टेल्मिसार्टनचा गट) आणि कॅल्शियम चॅनलवाल्या (अम्लोडिपिनचा गट) तुलनेने कमी. तेव्हा ‘किती’च्या आधी ‘कोणती’ बदलावी.

*

खलबत्ता

साखरेचंही असंच. ठणठणीत वयस्काला एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ७ ते ७.५, बरेच आजार किंवा स्मृतिभ्रंश असेल तर ८च्या आसपास. शेवटच्या टप्प्यातल्या आजारात त्या आकड्याच्या मागे लागूच नये, साखर फार खाली जाऊ नये आणि तहान-लघवी वाढण्याइतकी वर जाऊ नये एवढंच पाहावं. ८५ वर्षांच्या, ग्लिमेपिराइडवर असलेल्या माणसाचा रिपोर्ट ६.१ आला तर ते यश नव्हे. साखर रात्री किती वेळा पडली असेल याचा विचार करा आणि डोस कमी करा. ग्लिबेनक्लामाइड तर या वयात नकोच. मूत्रपिंड मंद असेल तर एका गोळीचा परिणाम दिवसभर, कधी दीड दिवस राहतो.

वयस्कांत साखर पडल्यावर अनेकदा घाम-थरथर नसते. विचित्र वागणं, शब्द न सुचणं, एका बाजूचा हात लुळा पडणं दिसतं. म्हणून पक्षाघात वाटला तरी रुग्णालयाकडे निघताना ग्लुकोमीटर लावायचाच, फक्त त्यासाठी निघायला उशीर करायचा नाही. ७०च्या खाली आणि गिळता येत असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर पाण्यात, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा, गरज तर पुन्हा. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नका. सल्फोनिलयुरियामुळे (ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइडचा गट) पडली असेल तर एकदा वर आली म्हणून घरी ठेवू नका, ती परत पडते.

आणखी एक: लोह कमी असेल तर एचबीएवनसी खोटा जास्त येतो, नुकताच रक्तस्राव झाला असेल किंवा रक्त चढवलं असेल तर खोटा कमी. रक्तक्षय असलेल्यांत बोटाच्या नोंदींवर भरवसा ठेवा.

*

रात्रपाळी

शुश्रूषेच्या बाजूने डिलिरियम, म्हणजे अचानक आलेला बुद्धीचा गोंधळ. घरचे ओळखतात तो आरडाओरडा करणारा प्रकार. शांत प्रकार सुटतो: दिवसभर पेंगणारे, हाक मारली की डोळे उघडून पुन्हा मिटणारे, घास तोंडात धरून बसणारे. ‘आज त्रास देत नाहीत, झोपलेत’ असं सांगितलं जातं आणि तोच जास्त गंभीर असतो.

ओळखायला ४एटी चाचणी दोन मिनिटांत होते. जागेपण कसं आहे. वय, जन्मतारीख, ठिकाण, चालू वर्ष. वर्षाचे महिने उलट म्हणायला लावा, सात तरी नीट यायला हवेत. आणि हा बदल अचानक झाला का, दिवसात कमी-जास्त होतो का. जागेपण बिघडलेलं असेल तर ४ गुण, अचानक बदल असेल तर ४. बाकी दोन प्रश्नांना चुकांप्रमाणे १ किंवा २. एकूण ४ किंवा जास्त म्हणजे डिलिरियम धरून कारण शोधा. स्मृतिभ्रंश आधीपासून असला तरी हे वरून येऊ शकतं, उलट त्यांनाच लवकर येतं.

काळजी घेताना: चष्मा लावा, श्रवणयंत्र घाला आणि त्याची बॅटरी तपासा. दिवसा खिडकी उघडी, रात्री मंद दिवा. ओळखीचं एकच माणूस जवळ, सारखी माणसं बदलू नका. चुकीचं बोलले तरी वाद घालू नका, शांतपणे कुठे आहोत ते सांगा. शेवटची लघवी आणि संडास कधी झाली ते लिहून ठेवा. पातळ संडास गळतेय म्हणून जुलाब थांबवायची गोळी देऊ नका. कडक गोळा अडकून त्याच्या कडेने पातळ झिरपत असतं, बोटाने तपासल्याशिवाय कळत नाही. दुखणं सांगता येत नसेल तर अंग पुसताना, कूस बदलताना चेहरा बघा. हातपाय बांधू नका. बांधल्याने गोंधळ वाढतो, आणि सुटायच्या धडपडीत पडणं जास्त वाईट होतं. कॅथेटर आणि सलाइन गरज संपताच काढा.

अल्प्राझोलाम, लोराझेपाम देऊन झोपवायचा मोह टाळा, गोंधळ लांबतो. अपवाद: दारू किंवा झोपेच्या गोळ्या अचानक तुटल्यामुळे आलेला डिलिरियम, तिथे तेच औषध लागतं.

*

तिसरामजला

आणि हळूहळू विसरणं? किती दिवसांनी डॉक्टरांकडे जावं?

*

दीर्घायू

दिवस मोजू नका, काम बघा. नाव आठवत नाही, नंतर आठवतं, हे चालतं. तोच प्रश्न तासात पाच वेळा, ओळखीच्या रस्त्यावर चुकणं, पैशांचा व्यवहार न जमणं, गॅस चालू राहणं, हे तपासण्याजोगं. मिनी-कॉग घ्या: तीन शब्द सांगा, घड्याळ काढून अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायला सांगा, मग तेच शब्द विचारा. आठवलेल्या शब्दाला एकेक गुण, बरोबर घड्याळाला दोन. पाचपैकी ३ पेक्षा कमी आले तर पुढची तपासणी.

पण त्याआधी कान तपासा. मळाने बुजलेला कान आणि न ऐकू येणं स्मृतिभ्रंशासारखं दिसतं. नैराश्यही तसंच: ‘मला माहीत नाही’ असं उत्तर वारंवार येतं, प्रयत्नच होत नाही, तर पंधरा प्रश्नांची वार्धक्य नैराश्य प्रश्नावली घ्या, ५च्या वर असेल तर त्याचा उपचार आधी. मेटफॉर्मिन आणि आम्लपित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू असतील तर बी-१२ बघाच.

डोनेपेझिल सुरू करण्याआधी ईसीजी करा, ते नाडी मंदावतं. ५ मिग्रॅने सुरुवात, चार ते सहा आठवड्यांनी १०. भूक गेली, वजन घटलं तर वाढवू नका. ज्यांना माणसं-प्राणी स्पष्ट दिसतात, झोपेत हातपाय झाडतात आणि चालही अडखळते त्यांना स्मृतिभ्रंशाचा लुई बॉडी प्रकार असू शकतो. त्यांना भास-आक्रमकतेसाठी वापरतात ते हॅलोपेरिडॉल दिल्यास अंग लाकडासारखं ताठ होऊन जीवावर बेतू शकतं. हे केसपेपरवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावं.

*

चालतंबोलतं

हाडांचं राहिलं. खुबा किंवा मणका उभ्या उंचीवरून पडून मोडला असेल तर हाडांची घनता कितीही येवो, ऑस्टिओपोरोसिस (हाडं ठिसूळ होणं) आहेच, उपचार हवेत. अलेंड्रोनेट ७० मिग्रॅ आठवड्यातून एकदा, उपाशीपोटी, साध्या पाण्याच्या पूर्ण पेल्यासोबत, पुढे अर्धा तास आडवं व्हायचं नाही. गिळायला त्रास असेल तर नको, अन्ननलिकेला व्रण पडतात. खलबत्ता यांनी काढलेलं २८ लक्षात ठेवा: ३५च्या खाली ते देत नाहीत.

*

खलबत्ता

बरोबर, झोलेड्रोनेटही नाही. तिथे डेनोसुमॅब देतात, पण आधी कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व तपासून दुरुस्त करावं लागतं, मूत्रपिंड मंद असेल तर कॅल्शियम धोकादायक खाली येतं. आणि सहा महिन्यांचं इंजेक्शन चुकवायचं नाही. थांबवल्यावर मणके एकामागोमाग दबू शकतात. सुरू करतानाच पुढची तारीख आणि बंद करायची झाल्यास नंतर काय, हे ठरलेलं असावं.

*

दवाखाना_सकाळ

औषधं कमी करायची ठरली तर सुरुवात कुठून?

*

खलबत्ता

एका वेळी एकच, आणि ती कधी कमी केली हे लिहून. प्रथम जिचं कारणच उरलेलं नाही ती: पाच वर्षांपूर्वीच्या अपचनाची आम्लपित्ताची गोळी, हृदयविकार-पक्षाघात कधीच नसलेल्याची अ‍ॅस्पिरिन. २०१८च्या ॲस्प्री अभ्यासात सत्तरीपुढच्या निरोगी लोकांना अ‍ॅस्पिरिनचा फायदा दिसला नाही, रक्तस्राव मात्र वाढला. स्टेंट किंवा झटका आधी झालेला असेल तर हे लागू नाही, तिथे हात लावू नका.

मग गुंगी आणणाऱ्या. झोपेच्या गोळ्या दर दोन आठवड्यांनी एक चतुर्थांश, जुनी सवय असेल तर एक दशांशाने कमी. बीटा ब्लॉकर, स्टेरॉइड, नैराश्याची औषधं, फिटची औषधं आणि लेव्होडोपा कधीही एकदम तोडायची नाहीत. आम्लपित्ताची गोळी थांबवल्यावर दोन आठवडे जळजळ उसळते, तो आजार परतला असं समजून लगेच पुन्हा सुरू करू नका.

जुलाब-उलट्या सुरू होऊन खाणं-पिणं थांबलं तर मेटफॉर्मिन, ‘ग्लिफ्लोझिन’ शेवट असलेल्या साखरेच्या गोळ्या, लघवीची गोळी, रामिप्रिल-टेल्मिसार्टन गट आणि वेदनाशामकं तात्पुरती थांबवायची का, हे डॉक्टरांना आधीच विचारून कागदावर लिहून घ्या. नीट खाऊ-पिऊ लागल्यावर २४ ते ४८ तासांनी पुन्हा सुरू. इन्शुलिन मात्र स्वतःहून बंद करायचं नाही.

आणि चिकटपट्ट्या. स्मृतिभ्रंशाच्या रिव्हास्टिग्मिनचा नवा पॅच लावताना जुना काढलाय का ते पाठ, खांदे, छाती उघडून डोळ्यांनी बघा. दोन-तीन पॅच एकाच वेळी अंगावर राहून उलट्या आणि नाडी मंदावणं होतं. तीव्र वेदनेसाठीचा फेंटानिलचा पॅच असेल तर त्या जागी गरम पाण्याची पिशवी ठेवू नका, आणि ताप चढला तर लगेच डॉक्टरांना कळवा. उष्णतेने औषध वेगाने आत जातं आणि श्वास मंदावतो.